डब्यांखालचा रस्ता

"साकोली," रामकृष्ण म्हणाला. म्हटलं आणि लगेच त्याला वाटलं, हे आपण म्हटलं नाही, आपल्या तोंडानं म्हटलं.

टेबलापलीकडे शर्मिष्ठा बसली होती. रायपूरच्या उरला भागातल्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ती सहा महिन्यांपूर्वी आली होती. कोणती गाडी कधी निघते, कुठं थांबते, कधी पोचते, एवढंच तिचं काम. तिच्यासमोर एक छापील कागद होता. निघायची वेळ. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. आठ तास झाले की गाडी बंद. आणि त्याच्यापुढं लांबलचक रकाना, रात्री मुक्काम कुठं. रायपूर ते नगर, सळई भरलेली बारा चक्का गाडी, म्हणजे चार दिवस आणि मध्ये तीन रात्री. तीन ओळी भरायच्या होत्या.

"साकोली में कहाँ, काका?" तिनं पेन कागदावर टेकवून विचारलं. "ढाबा, पंप, कुछ तो नाम होगा."

सत्तावीस वर्षं रामकृष्ण या रस्त्यावर होता. साकोलीत शिरताना कुठं गाड्या तुंबतात, कुठल्या वळणावर बैल आडवे येतात, पूल उतरल्यावर कोणत्या बाजूचा चहा बरा मिळतो, सगळं त्याला पाठ होतं. पण साकोलीला गाडी लावून तो एकदाही झोपला नव्हता.

"नाव आठवून नाही राहिलं," तो म्हणाला.

"मग आठवून लिहा. आता गाडीत जीपीएस लागला आहे. कागज़ पे जो है वही नक्शे पे दिखना चाहिए, नहीं तो कंपनीवाले गेट से अंदर नहीं लेंगे." मग तिनं आवाज खाली आणला. "सकाळी नऊपर्यंत द्या काका. मालक म्हणाले, नाही जमलं तर ४४१७ नंबरची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन टाका, यांना लोकलमध्येच राहू द्या. मीच म्हटलं, एक दिवस थांबा."

कागदाची चौकोनी घडी करून त्यानं शर्टाच्या खिशात घातली. बाहेर ऊन असं होतं की अंगणात उभ्या गाड्यांच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. नवतपा लागला होता, मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस. त्यानं तोंडाला पंचा गुंडाळला आणि स्कूटर सुरू केली. डोक्यात शर्मिष्ठाचा प्रश्न नव्हता, त्या प्रश्नातला सूर होता. रात्री मुक्काम कुठं, हे त्याला आजवर दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं. मालकानं कधी विचारलं नाही, मालकाला माल पोचला की झालं. विचारायची ती वनमाला, त्याची बायको, रोज संध्याकाळी सात वाजता, मोबाइल घरात आला तेव्हापासून. "कुठी लावली?" एवढंच. हॅलो नाही, कसे आहात नाही. फोन उचलला की कुठी लावली. आणि त्या दोन शब्दांना तोंड द्यायला त्यानं स्वतःची एक पद्धत बसवली होती. सात वाजायला आले की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची. इंजिन बंद करायचं, म्हणजे घरघर तिकडं जायला नको. मग फोन उचलायचा. लावली. साकोलीला. हो, पंपावर. जेवतोच आता. तिकडून ती म्हणायची, "बरं. ताडपत्री पाहून घ्या. दार आतून लावून झोपा." फोन ठेवला की चावी फिरवायची आणि निघायचं.

खोटं बोलायची त्याला हौस नव्हती. पण सात वाजता गाडी लावणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. रायपूरहून पश्चिमेला जाणाऱ्या ड्रायव्हरलाच ते कळेल. दुपारी तीनपासून ऊन समोरच्या काचेवर असतं. काच पुसा, टोपी पुढं ओढा, डोळे बारीक करा, काही उपयोग नाही. साडेसहा-पावणेसातला कधीतरी सूर्य खाली पडतो आणि एकदम सगळं सोपं होतं. टायर थंड व्हायला लागतात, वारा केबिनमधून आरपार जातो, गाडी स्वतःहून चालते. तेव्हा कोण थांबेल? वनमालाला हे सांगायचा त्यानं लग्नानंतर एकदोनदा प्रयत्न केला होता. ती म्हणाली होती, "तुमचा भाऊ असाच कुठी न थांबता गेला." खरं होतं. थोरला भाऊ झोपेत गेला होता, चालत्या गाडीत. त्यानंतर त्यानं तिला काही सांगणं सोडलं आणि तिनं विचारणं धरलं.

साकोली हे नाव त्यात कसं आलं कोण जाणे. म्हणायला हलकं, अंतर पटणारं. जाताना म्हटलं तरी चालायचं, येताना म्हटलं तरी.

बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत शिरताना तलावाकडून येणारा वारा क्षणभर लागला आणि गेला. गल्लीच्या तोंडाशी तो नेहमीसारखा थांबला. गेले अडीच महिने तो असाच थांबत होता, घरात शिरायच्या आधी एक दम घेऊन. उरला ते सिलतरा, सिलतरा ते उरला, बारा किलोमीटर जायचं आणि बारा यायचं. लोकलचं काम त्यानं स्वतःच मागून घेतलं होतं. पोरगी घरात एकटी आहे, असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. अनुश्रीला पटलं नव्हतं. चोवीस वर्षांची पोरगी, शंकर नगरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसणारी, तिला सोबत कशाला हवी? खरी गोष्ट त्याला माहीत होती. लांबच्या रस्त्यावर सात वाजले असते आणि फोन वाजला नसता. ते नको म्हणून तो बारा किलोमीटरच्या दाव्याला बांधून राहिला होता. पण त्यात जीव रमत नव्हता. गाडी चौथ्या गिअरच्या वर जात नव्हती. भरल्या गाडीचं अंग लांबच्या रस्त्यावरच मोकळं होतं, आणि गाडी चालवणाऱ्याचंही.

स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर अजून मार्च होता. त्यानं पान उलटलं नव्हतं, अनुश्रीनंही नव्हतं. खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं निळं पेन लोंबत होतं. या कॅलेंडरवर वनमाला सगळं लिहायची. गॅस कधी लागला, राऊत दुधाचे पुडे किती टाकून गेला, चतुर्थी, शेजारच्या बारशाचा दिवस. आणि त्याची गाडी कुठं लागली. त्यानं ते कधी नीट वाचलं नव्हतं. घरी असायचा तेव्हा तो जेवायचा आणि झोपायचा. मुक्कामांची नावं तारखांच्या चौकोनात आहेत एवढं ठाऊक होतं, आणि आता कागदावर तीन नावं हवी होती. तो चष्मा लावून उभा राहिला. मार्च महिना, बारा चौकोन भरलेले, पुढं कोरेच असणार. त्यात त्याच्या दोनच खेपा होत्या. बाराव्या तारखेकडे त्यानं बघितलं नाही. नजर अकरावर आणून थांबवली.

जुनी कॅलेंडरं कुठं असतील, हे त्याला लगेच आठवलं. फळीवर, डब्यांखाली. दर जानेवारीत ती सरलेल्या वर्षाचं कॅलेंडर सोडवायची आणि त्याची पानं फळ्यांवर अंथरायची, तारखा वर. खालची जुनी काढायची नाही, त्यांच्यावरच नवी. "काढून कुठी टाकू, कागद चांगला आहे," म्हणायची. फळ्यांवर तिचे डबे होते, स्टीलचे, झाकणांवर कोरलेली तिच्या माहेरची नावं. अडीच महिन्यांत या डब्यांपैकी एकही जागचा हलला नव्हता. बापलेक ओट्यावरच्या चार बरण्यांत भागवत होते. त्यानं हात वर केला आणि पहिला डबा धरला तेव्हा त्याला वाटलं, मागून कुणीतरी म्हणेल, हात धुतले काय? त्यानं हात धुतले. मग डबा उतरवला.

तुरीच्या डाळीखाली जुलै निघाला. डब्याच्या बुडाचा गोल ठसा, त्या ठशात तीन आठवडे आणि त्या आठवड्यांत तिचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. तिवसा. मेहकर. मेहकर. परत तिवसा. साकोली. हळदीच्या डब्याखाली ऑगस्ट पिवळा झाला होता. मेथ्यांखाली ऑक्टोबर. तो एकेक डबा उतरवत गेला आणि जमिनीवर मांडत गेला, ज्या क्रमानं फळीवर होते त्याच क्रमानं, म्हणजे परत ठेवताना चूक व्हायला नको. स्वयंपाकघरात मोहरीचा, हिंगाचा, जुन्या तिखटाचा वास सुटला. डब्यांखालून त्याचा रस्ता निघत होता. जाण्याचा, येण्याचा, परत जाण्याचा. पाच वर्षं थरावर थर. एवढं आपण गेलो? त्याला गाडीत बसून कधी एवढं वाटलं नव्हतं. तिथं एक एक किलोमीटर येतो आणि मागं पडतो. इथं तिनं सगळा साठवला होता, डाळीतांदळाखाली.

पण कागदाला जे हवं होतं ते यात नव्हतं, हे त्याला तेवढ्यातच उमगलं आणि तो पाटावर बसला. ही नावं त्यानं सांगितलेली होती. थांबल्याची नव्हती. तिनं भाबडेपणानं लिहून घेतलेलं त्याचं खोटं होतं हे, पाच वर्षांचं. आता यातून खरं कुठलं निवडायचं?

त्याला हॉस्पिटलातला तो पहाटेचा पलंग आठवला. आठवला म्हणजे काय, तो रोजच आठवायचा, पण इथं, तिच्या पाटावर, अंगावर आल्यासारखा आठवला. बारा मार्चला तो नगरहून परत येत होता. दुपारी तिचा मध्येच फोन आला होता, "डोकं लय दुखून राहिलं आज." तिनं असं कधी सांगितलेलं नव्हतं. सात वाजता तो नागपूरच्या बाहेरच्या रस्त्यावर होता. नेहमीप्रमाणे कडेला थांबून, इंजिन बंद करून त्यानं सांगितलं, साकोलीला लावली, झोपतो आता, उद्या दुपारपर्यंत येतो. आणि निघाला तो थांबलाच नाही. पहाटे चारला अनुश्रीचा फोन आला तेव्हा तो कुम्हारीला होता, रायपूर वीस किलोमीटर. साकोलीला झोपला असता तर पोचला नसता. पाचला तो वनमालाच्या पलंगाशी उभा होता. तिचा अर्धा चेहरा पडला होता. उरलेल्या अर्ध्यानं तिनं त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि जड जिभेनं म्हणाली, "साकोलीहून विमानानं आले काय?" तेवढंच. त्यानंतर ती काही बोलली नाही आणि साडेसातला गेली.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटचं काय बोलल्या, असं बाया विचारायच्या. तो म्हणायचा, काही नाही. सव्वीस वर्षांचा संसार आणि शेवटचं वाक्य काय, तर चोरी पकडल्याचं. खुलासा करायला वेळ नाही. अगं, तुझ्यासाठीच आलो, हे म्हणायलाही नाही. ती जाताना एवढंच घेऊन गेली की हा माणूस मला फसवत होता. कितीदा, हे मोजत गेली असेल का?

त्यानं जुलैचं पान हातात घेतलं, ठेवायला म्हणून. आणि त्याला दिसलं की सगळी नावं सारखी नाहीत. काही नावांभोवती तिनं गोल केला होता. चतुर्थीचा असेल. पण चतुर्थी दुसरीकडे होती. दोन्ही मेहकरांना गोल. दोन्ही? त्याला आठवलं, जुलैत मेहकरला मागचे दोन टायर एकदम गेले होते आणि ढाब्यावर दोन रात्री पडून राहावं लागलं होतं. त्यानं घाईनं ऑक्टोबर ओढला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी 'मालेगाव' लिहिलं होतं. मेहकरजवळच्या त्या मालेगावला लावली असं सांगून तो रातोरात घर गाठायला निघाला होता, ते त्याला पक्कं आठवत होतं. मालेगावला गोल नव्हता. तिवसा. तिथं शांताबाईच्या ढाब्यावर तो खरंच थांबायचा, कारण शांताबाई ड्रायव्हरांना आंघोळीला पाणी गरम करून द्यायची आणि गाडी नीट उभी केल्याशिवाय ताट द्यायची नाही. तिवसाला गोल, गोल, गोल. आणि साकोली? त्यानं पाचही वर्षं चाळली, गुडघ्यावर बसून, डब्यांच्या मधून वाट काढत. साकोली एकोणीस वेळा होती. एकदाही गोल नव्हता.

दार वाजलं. अनुश्री आली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती थांबली. जमिनीभर डबे आणि मध्ये बाप, मांडीवर डिसेंबर घेऊन.

"ये क्या कर रहे हो, बाबा?"

"हा गोल काहून केला तुझ्या आईनं?"

तिनं पर्स खुंटीला अडकवली, वाकून धण्याचा डबा सरकवला आणि त्याच्यासमोर बसली. "आपको नहीं पता?"

"मले काय माहीत!"

"सच में लगाते थे तो गोला. झूठ बोलते थे तो नहीं."

"तिले कसं समजे?"

"आवाज़ से." अनुश्री हसली. "फोन रखके दो मिनट चुप बैठती थी. मुझे भी सिखाया था. गाड़ियाँ एकदम पास से सूं-सूं जा रही हैं, मतलब बाबा रोड के किनारे हैं, लगाई नहीं. बर्तन बज रहा, कुत्ता भौंक रहा, कोई गला खखारके थूक रहा, मतलब लगा दी. थूकनेवाला सुनाई दिया तो एकदम पक्का. उस दिन आराम से खाना खाती थी."

"अन् नाही लावली त्या दिवशी?"

"उस दिन देर से खाती थी."

एकोणीस साकोल्या, एकोणीस संध्याकाळी. नुसत्या साकोल्याच नव्हत्या.

"मग मले बोलली काहून नाही कधी?"

"मैंने भी पूछा था." पोरगी आईचं सांगताना मराठीत शिरली, तसं तिचं नेहमी व्हायचं, एरवी कितीही हिंदी बोलली तरी. "म्हणे, विचारलं तर ते फोन उचलायलेच भितील. मग खरंही नाही समजणार अन् खोटंही नाही. त्यापेक्षा बोलू दे. मले ऐकू येते."

तो उठला. गुडघे कटकट वाजले. भिंतीपाशी गेला आणि जी तारीख अडीच महिने टाळली होती तिच्यावर बोट ठेवलं. बारा. 'साकोली.' गोल नव्हता. म्हणजे त्या संध्याकाळी सातला, डोकं दुखत असताना, ती फोन ठेवून दोन मिनिटं गप्प बसली होती आणि तिनं ऐकलं होतं. नागपूरच्या बाहेरच्या गाड्या, कानाजवळून जाणाऱ्या. तिला कळलं होतं की हा थांबलेला नाही. आणि त्याचं बोट आपोआप पुढच्या चौकोनावर सरकलं, तेराव्यावर. तो चौकोन कोरा आहे असं त्यानं आजवर लांबून धरलं होतं. तो कोरा नव्हता. कोपऱ्यात, खालच्या बाजूला, 'दूध ३'.

घरात रोज एक पुडा यायचा. तो घरी असला की तीन. चहा त्याला दुधाचाच लागायचा. दुपारी येणार असला तर ती सकाळी एकच पुडा घ्यायची आणि संध्याकाळी जास्तीचे आणवायची, फुकट तापवत कशाला ठेवायचं म्हणून. सकाळचे तीन म्हणजे सकाळी येणार. तिनं बारा तारखेच्या रात्रीच राऊताला सांगून ठेवलं होतं. आणि आता त्याला तेही दिसलं, जे त्या दिवशी दिसूनही दिसलं नव्हतं. वनमालाला घरी आणलं तेव्हा दाराच्या कडीला पिशवी लटकत होती, आणि गर्दीतलं कुणीतरी ती बाजूला करताना म्हणालं होतं, आज तीन पुडे कसे काय.

तिला माहीत होतं. तो येतोय हे माहीत असताना ती झोपली होती. 'साकोलीहून विमानानं आले काय' हे चोरी पकडल्याचं बोलणं नव्हतं. चोरी तर तिनं केव्हाच पकडली होती आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दिली होती. ते नुसतं तिचं बोलणं होतं. चेष्टेचं. घरच्या माणसाशी करायचं. पडलेल्या अर्ध्या चेहऱ्यातून तिनं त्याची चेष्टा केली होती आणि त्यानं ती अडीच महिने शिक्षेसारखी वागवली.

"बाबा," अनुश्री मागून म्हणाली, "रो लो. मैं चाय रखती हूँ."

"रडून नाही राहिलो," तो म्हणाला. "हिंग उतरवला ना, डोळ्यात गेला."

"हव. पाँच साल का हिंग."

चहा झाल्यावर दोघांनी डबे परत फळीवर लावले. पानं तशीच खाली, तारखा वर. मग त्यानं खिशातला कागद काढला, उलगडला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच्या ओळी घातल्या. तिवसा, शांताबाईचा ढाबा. मेहकर, टायरवाल्याशेजारचा ढाबा. दोन्ही गोलातले. पहिली ओळ राहिली. गेटपास होऊन सकाळी दहाला निघालं, भिलाईच्या गर्दीतून रखडत गेलं, देवरीच्या अलीकडे अर्धा तास टेकलं, की आठ तास कुठं संपतात? त्यानं बोटांवर धरून पाहिलं, पुन्हा धरून पाहिलं. अनुश्रीनं मोबाइलवर पाहिलं. दोघांचं उत्तर एकच आलं.

त्यानं धम्मदीपला फोन लावला. धम्मदीप त्याच्याच वयाचा, त्याच रस्त्याचा, आणि रोज संध्याकाळी सहाला गाडी लावून मोकळा होणारा म्हणून सगळ्या ड्रायव्हरांच्या थट्टेचा.

"साकोलीले रात्रीची गाडी कुठी लावतो बे तू?"

पलीकडे धम्मदीप असा हसला की अनुश्रीलाही ऐकू गेलं. "सत्तावीस वर्षं झाले अन् आता विचारून राहिला? तुले तर साकोली म्हणजे हॉर्न वाजवाची जागा! लिही. पूल उतरला की डाव्या हाताचा पंप. समोर नको लावू, एसटीच्या बशी वळतात. मागच्या अंगाले ये. कडुलिंब आहे, हापसी आहे, चौकीदाराचं कुत्रं आहे. तोंड बाहेरच्या बाजूनं करून लाव, सकाळी मागं घ्याचा ताप नाही. अन् सातच्या आत ये, मग जागा नाही भेटत." मग त्यानं विचारलं, "जातो काय लाँगवर?"

"जातो."

"ये बाप्पा. रस्ता वाट पाहून राहिला."

सकाळी साडेआठलाच कागद शर्मिष्ठाच्या टेबलावर होता. तिनं तिन्ही ओळी वाचल्या. 'साकोली, पूल उतरून डावीकडचा पंप, मागची बाजू, कडुलिंबाखाली' हे वाचून ती म्हणाली, "काका, इतना भी नहीं लिखना था." पण खोडलं नाही.

निघायला पावणेअकरा झाले. दुर्ग-भिलाई व्हायची तशी झाली. राजनांदगावच्या पुढं रस्ता मोकळा झाला आणि पाचवा गिअर पडला तेव्हा त्याच्या खांद्यांतलं काहीतरी खाली उतरलं. पावणेचारला, देवरीच्या बरंच अलीकडे, पाच तास भरले. त्यानं गाडी घेतली, अर्धा तास झाडाखाली बसला, टायर हातानं बडवून पाहिले, ताडपत्रीची दोरी ओढली. मग ऊन समोर आलं. काच पुसली, टोपी ओढली, डोळे बारीक केले. पावणेसातला सूर्य पडला. टायर निवायला लागले, वारा आरपार सुटला, गाडी स्वतःहून चालायला लागली. रस्ता तसाच होता, पूर्वी होता तसाच गोड. भंडारा सहज गाठता येईल, असं त्याच्या अंगातल्या कुणीतरी म्हटलं.

सात वाजले आणि फोन वाजला.

हात आपोआप वळले. गाडी कडेला गेली, इंजिन बंद झालं. हे सगळं होईपर्यंत त्याला कळलंही नाही की आपण काय करतोय. फोन कानाला लावला.

"कुठी लावली?" अनुश्रीनं विचारलं. मराठीत. हॅलो नाही, काही नाही.

समोर दगड होता, साकोली चार किलोमीटर. तोंडात शब्द तयार होता. आणि आज तर तो जवळजवळ खराच होता. चारच किलोमीटरचं खोटं, दहा मिनिटांत खरं होणारं. शेजारून एक लांब ट्रेलर गेला, सूं करून, आणि सगळी केबिन हलली.

"नाही लावली अजून," तो म्हणाला.

"हव. सुनाई दिया." तिचा आवाज मोकळा होता. "कितना टाइम?"

"दहा मिनिटं. आठ तासाले अजून पंधरा आहेत."

"ठीक है. लगाके फोन करना. मैं खाना नहीं खा रही तब तक."

पूल उतरल्यावर डाव्या हाताला पंप होता. तो मागच्या अंगाला गेला. कडुलिंब होता. दोन गाड्या आधीच लागल्या होत्या, तिसरीची जागा होती. त्यानं एकदा पुढं, एकदा मागं घेऊन तोंड बाहेरच्या बाजूला केलं, हँडब्रेक ओढला, चावी काढली आणि खिशात घातली. इंजिनची घरघर थांबल्यावर आधी कानात नुसती पोकळी झाली. मग हळूहळू एकेक आवाज आला.

त्यानं फोन लावला. अनुश्रीनं उचलला, आणि ती काही विचारायच्या आत त्यानं हात लांब करून फोन खिडकीबाहेर धरला. हापशीची दांडी करकरत होती, कुणीतरी बादली भरत होतं. चौकीदाराचं कुत्रं नवी गाडी बघून भुंकत होतं. झाडाखाली बाजेवर बसलेल्या एका ड्रायव्हरनं मोठ्यानं घसा खाकरला आणि थुंकला.

रामकृष्णानं फोन परत कानाला लावला. तिकडून काही आवाज नव्हता. मग दोऱ्याला बांधलेलं पेन भिंतीवर खट्कन आपटल्याचं त्याला ऐकू आलं.

"साकोली," अनुश्री म्हणाली. "गोला कर दिया. अब खाना खाओ."